खान्देशी तर्री आणि लिपिड प्रोफाइल: कोणत्या तेलाने कोणता आकडा हलतो?

गिरणाकाठ | ८ जानेवारी

सर्वांना नमस्कार. भरिताचा हंगाम ऐन भरात असताना हा धागा काढण्याची वेळ माझ्यावर आली आहे. गेल्या आठवड्यात रक्तातील स्निग्धांची तपासणी, म्हणजे लिपिड प्रोफाइल केले, त्यात माझे एकूण कोलेस्टेरॉल २३६, ट्रायग्लिसराइड १९०, एचडीएल (ज्याला 'चांगले' कोलेस्टेरॉल म्हणतात) ३८ आणि एलडीएल ('वाईट' म्हणतात ते) १६० आले. हे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापातले आहेत. माझे वय ४९ असून तंबाखूचे व्यसन नाही, साखर काठावर आहे, आणि वडिलांना ५४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. तीन महिने आहार सांभाळावा, पुन्हा तपासणी करावी आणि मग गोळीचे ठरवावे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

आमचे गाव जळगाव जिल्ह्यात आहे. घरात सहा माणसे आहेत आणि शेंगदाणा तेलाचा १५ किलोचा डबा आम्हाला साधारण दीड महिना पुरतो. अहवाल आल्यापासून प्रत्येक नातेवाइकाने निराळे तेल सुचवले आहे. मेहुणे सूर्यफुलाचे म्हणतात, चुलतभाऊ लाकडी घाण्याचे म्हणतो, पुण्याची भाची ऑलिव्हचे म्हणते, आणि शेजारच्या अण्णांच्या मते तेल सोडून सरळ गावरान तूप खावे. मला 'हे चांगले आणि ते वाईट' असे उत्तर नको आहे. तेल बदलल्याने यांपैकी कोणता आकडा, कशामुळे आणि किती हलतो, हे माणसांवर झालेल्या प्रयोगांच्या आधारे कोणी सांगू शकेल काय?

तेलबिया | ८ जानेवारी

माझी सगळी नोकरी धुळे परिसरातील तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे रक्तात काय होते ते वैद्यकातील मंडळींनी सांगावे. डब्यात काय असते एवढे मी सांगू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे कोणतेही खाद्यतेल 'हलके' नसते. घाण्याचे असो, रिफाइंड असो किंवा परदेशी असो, ते जवळजवळ १०० टक्के स्निग्ध पदार्थच असते आणि एका ग्रॅममागे ९ कॅलरी देते. डब्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या 'कोलेस्टेरॉलमुक्त' या शब्दालाही अर्थ नाही, कारण वनस्पतींपासून काढलेल्या तेलात कोलेस्टेरॉल नावापुरतेही नसते. फरक पडतो तो तेलातील मेदाम्लांच्या प्रमाणाने. शेंगदाणा तेलात संपृक्त (सॅच्युरेटेड) मेदाम्ले साधारण १७ ते २० टक्के असतात, एक-असंपृक्त, म्हणजे मुख्यतः ओलेइक आम्ल, निम्म्याच्या आसपास असते, आणि उरलेले ३० टक्के लिनोलेइक, म्हणजे बहु-असंपृक्त, आम्ल असते. सूर्यफुलात संपृक्त ११ टक्क्यांच्या आसपास आणि लिनोलेइक ६० टक्क्यांहून अधिक असते, तर करडईत संपृक्त त्याहून कमी आणि लिनोलेइक जवळजवळ ७५ टक्के असते. सोयाबीनमध्ये संपृक्त १५ टक्के असून त्यात ओमेगा-३ गटातील अल्फा लिनोलेनिक आम्लही ७ टक्क्यांच्या घरात सापडते, जे शेंगदाण्यात जवळजवळ नसतेच. तिळाच्या तेलात ओलेइक आणि लिनोलेइक जवळजवळ समसमान असतात. आपल्या भागातील सरकीच्या तेलात मात्र संपृक्त २६ टक्के निघते, आणि त्यातील बहुतेक पामिटिक आम्ल असते. पामतेल निम्मे संपृक्त, तूप साधारण ६० टक्क्यांहून अधिक, आणि खोबरेल तेल ९० टक्क्यांच्या आसपास.

आता आपल्या डब्याचा हिशेब. १५ किलो तेल सहा जणांत ४५ दिवस, म्हणजे माणशी रोज ५५ ग्रॅम पडते. राष्ट्रीय पोषण संस्थेने दृश्य स्निग्धांची, म्हणजे स्वयंपाकात वरून घातलेल्या तेल-तुपाची, मर्यादा वय आणि श्रम पाहून दिवसाला २० ते ५० ग्रॅम सांगितली आहे, आणि त्यातील वरचा आकडा अंगमेहनत करणाऱ्यांसाठी आहे. आपण शेतात राबत असाल तर गोष्ट वेगळी.

गिरणाकाठ | ८ जानेवारी

शेती आहे, पण राबतात ते दुसरे. माझे दुकान आहे आणि मी दिवसभर गादीवर बसलेला असतो.

घाणेवाला | ९ जानेवारी

माझा स्वतःचा लाकडी घाणा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी काही लपवले असे कोणी म्हणणार नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने आयुष्यभर घाण्याचे तेल खाल्ले, खिचडीवर कच्चे ओतून खाल्ले, आणि त्या काळी गावात 'ब्लॉकेज' हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. रिफाइंड तेल करताना गोंद काढण्यासाठी आम्ल, मुक्त मेदाम्ले काढण्यासाठी कॉस्टिक सोडा, रंगासाठी ब्लिचिंगची माती आणि वासासाठी २०० अंशांच्या वर तापवून वाफ वापरतात. त्यात ई जीवनसत्त्वाचा आणि वनस्पतिज स्टेरॉलांचा काही भाग निघून जातो. हे खोटे असेल तर तेलबिया साहेबांनी सांगावे.

तेलबिया | ९ जानेवारी

खोटे नाही. परंतु आपण जे सांगितले नाही तेही सांगितले पाहिजे. शुद्धीकरणाने तेलाची मेदाम्ले जवळपास तीच राहतात. घाण्याच्या शेंगदाणा तेलात १८ टक्के संपृक्त असेल तर रिफाइंडमध्येही तितकेच असते, आणि एलडीएलवर मुख्य परिणाम याच प्रमाणाचा होतो. दुसरे असे की शेंगांना बुरशी लागलेली असेल तर तिच्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष घाण्याच्या तेलात काही प्रमाणात उतरते, आणि कॉस्टिक सोड्याची जी पायरी आपण दोष म्हणून सांगितली तीच ते काढून टाकते. म्हणून घाण्याचे तेल घेणाऱ्याने भाव विचारण्याआधी शेंगदाणा पाहावा. सरकीचे तेल तर शुद्धीकरणाशिवाय खाऊच नये, कारण त्यात गॉसिपॉल असते. चीनमध्ये याच द्रव्याची पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून चाचणी झाली होती.

घाणेवाला | ९ जानेवारी

शेंगदाणा पाहून घ्यावा, हे शंभर टक्के मान्य. मी स्वतः निवडून घेतो.

नाडीपरीक्षा | १० जानेवारी

मी फिजिशियन आहे. एखाद्या व्यक्तीच्या उपचाराविषयी येथे लिहिणार नाही, पण गिरणाकाठ भाऊंनी प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या यकृताच्या पेशींवर रक्तातील एलडीएलचे कण पकडून आत घेणारे ग्राहक असतात. आहारात संपृक्त मेदाम्ले वाढली की हे ग्राहक कमी सक्रिय होतात, कण रक्तात अधिक काळ फिरत राहतात आणि धमनीच्या भिंतीत शिरण्याची त्यांची संधी वाढते. लिनोलेइक आम्लाचा परिणाम उलट होतो. म्हणून तेलाचा प्रश्न नेहमी 'कशाच्या जागी काय' असा विचारावा लागतो. एकट्या तेलाला गुण देता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेसाठी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मेन्सिंक यांच्या विश्लेषणात नियंत्रित आहाराच्या अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र केलेले आहेत. दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी १ टक्का संपृक्त मेदाम्लांतून येत असेल आणि ती ऊर्जा बहु-असंपृक्त मेदाम्लांतून घेतली, तर एलडीएल सुमारे २ मिलिग्रॅमने उतरते; एक-असंपृक्तांतून घेतली तर सुमारे दीडने, आणि पिष्टमय पदार्थांतून घेतली तर एकाहून थोडे अधिक. शेवटच्या प्रकारात एचडीएलही उतरते आणि ट्रायग्लिसराइड किंचित चढते.

आता हे भाऊंच्या ताटाला लावू. रोजचे ५५ ग्रॅम शेंगदाणा तेल पूर्णपणे सूर्यफुलावर नेले, तर संपृक्त मेदाम्ले दिवसाला सुमारे ४ ग्रॅमने कमी होतील. ही २००० कॅलरींच्या आहारात पावणेदोन टक्के ऊर्जा झाली, म्हणजे एलडीएल ३ ते ४ मिलिग्रॅमने उतरण्याची अपेक्षा आहे. एकाच माणसाचे एलडीएल काही न बदलता दोन तपासण्यांत याहून अधिक खालीवर होते. त्यामुळे मेहुण्यांचा सल्ला चुकीचा नाही, पण त्याचा परिणाम अहवालात ओळखूसुद्धा येणार नाही.

पामतेल आणि खोबरेल तेलाची गोष्ट वेगळी. कमी संपृक्त असलेल्या वनस्पती तेलांच्या तुलनेत पामतेलाने एलडीएल सरासरी ९ मिलिग्रॅमने वाढल्याचे २०१५ सालच्या एकत्रित विश्लेषणात दिसले, आणि खोबरेलाने सुमारे १० मिलिग्रॅमने वाढल्याचे २०२० सालच्या विश्लेषणात. खोबरेलाने एचडीएलही ४ मिलिग्रॅमने वाढते आणि त्याचे समर्थक नेमके तेवढेच सांगतात. परंतु औषधांनी एचडीएल वाढवून झटके कमी करण्याचे प्रयोग अपयशी ठरले आहेत, त्यामुळे या वाढीचे समाधान मानण्यात अर्थ नाही.

भाऊंच्या अहवालात मला एलडीएलइतकीच दुसरी जोडी खटकते: ट्रायग्लिसराइड १९० आणि एचडीएल ३८. भारतीयांमध्ये हे चित्र फार आढळते, आणि त्याचे मूळ तेलात कमी व पोटाचा घेर, बैठे काम, गोड पदार्थ आणि भाताच्या राशीत अधिक असते. तेल कमी केले आणि त्या जागी साबुदाण्याची खिचडी वाढली, तर ही जोडी आणखी बिघडेल.

शंकेखोर | १० जानेवारी

डॉक्टरसाहेबांचे विवेचन नेटके आहे, पण आकडा उतरणे आणि माणूस वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिनेसोटा येथे १९६८ ते १९७३ या काळात ९ हजारांहून अधिक लोकांवर प्रयोग झाला, ज्यात संपृक्त मेदाच्या जागी मक्याचे तेल दिले गेले. कोलेस्टेरॉल जवळजवळ १४ टक्क्यांनी उतरले, पण मृत्यू कमी झाले नाहीत, आणि हे सगळे आकडे २०१६ सालापर्यंत पूर्णपणे प्रसिद्धही झाले नव्हते. सिडनीच्या प्रयोगात तर आपल्या ओळखीचे करडईचे तेल होते, आणि ते खाणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले. ओमेगा-६ मुळे, म्हणजे याच लिनोलेइकमुळे, शरीरात दाह वाढतो, हे वेगळेच. मग सूर्यफूल, करडई यांच्या मागे का लागावे?

नाडीपरीक्षा | ११ जानेवारी

दोन्ही प्रयोग खरे आहेत आणि त्यांतील निकाल तुम्ही बरोबर सांगितले आहेत. अशा प्रयोगांना बगल देणे मला आवडत नाही, म्हणून ते नीट पाहू. मिनेसोटाच्या प्रयोगातील लोक मनोरुग्णालयांत आणि एका शुश्रूषागृहात राहणारे होते. ते सतत दाखल होत आणि घरी जात, त्यामुळे वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ तो आहार घेतलेल्यांची संख्या २४०० देखील नव्हती. धमनीत दशकानुदशके साचलेल्या गोष्टीचा निकाल इतक्या थोड्या काळात लागत नाही. सिडनीच्या प्रयोगात अवघे ४५८ पुरुष होते, आणि त्यांना करडईच्या तेलाबरोबर त्याच तेलाचे मार्जरीन, म्हणजे कृत्रिम लोणीही दिले होते. त्या काळच्या मार्जरीनमध्ये ट्रान्स मेद (तेल घट्ट करताना तयार होणारा अपायकारक मेद) असण्याची शक्यता मोठी असल्याने दोष तेलाचा की मार्जरीनचा, याचा वाद अजून मिटलेला नाही. उलट कोक्रेन संस्थेने २०२० साली दोन वर्षांहून दीर्घ चाललेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा संपृक्त मेद कमी केल्याने हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्यातही एकूण मृत्यूंत स्पष्ट फरक आढळला नाही, हे मी तुमच्या बाजूने मांडून ठेवतो.

दाहाचे म्हणाल, तर लिनोलेइक आम्लापासून दाहकारक द्रव्ये तयार होऊ शकतात हे पाठ्यपुस्तकात खरे आहे. पण निरोगी माणसांना ते अधिक देऊन केलेल्या प्रयोगांत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीनसारखे दाहाचे निर्देशक वाढलेले आढळले नाहीत.

शंकेखोर | ११ जानेवारी

एकूण मृत्यूंचे मान्य केलेत, त्याबद्दल आभार. दाहाच्या मुद्द्यावर माझा आग्रह मी सोडतो, मिनेसोटाच्या मुद्द्यावर नाही.

अमळनेरी | १२ जानेवारी

ट्रान्स मेदाचा उल्लेख आला म्हणून आमच्या गावाची एक गोष्ट सांगतो. आज जगभर संगणकाच्या व्यवसायासाठी ओळखल्या जाणाऱ्या विप्रो कंपनीचा जन्म डिसेंबर १९४५ मध्ये अमळनेरला झाला, आणि तिचे तेव्हाचे नाव होते वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. कारखाना होता वनस्पती तुपाचा. शेंगदाणा पिकवणारा मुलूख आणि दाराशी रेल्वे, त्यामुळे जागेची निवड अचूक होती.

वनस्पती तूप म्हणजे निकेलच्या सान्निध्यात तेलातून हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करणे. ही क्रिया अर्धवट ठेवली की काही मेदाम्लांची रचना ट्रान्स होते. त्या काळी याचे दुष्परिणाम ना कारखानदारांना ठाऊक होते ना डॉक्टरांना. उलट साजूक तूप न परवडणाऱ्या घरांना हा स्वस्त पर्याय मिळाला, याचे सर्वांना कौतुकच होते. ट्रान्स मेद एलडीएल वाढवतो आणि त्याच वेळी एचडीएल घटवतो, हे मेन्सिंक आणि कतान यांनी १९९० साली दाखवले. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातील ट्रान्स मेदाची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. घाणेवाले दादा ज्या जुन्या पिढीचे सांगतात, तिच्यानंतरच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीच्या लग्नाच्या पंगती याच डब्यांवर उठल्या. त्यामुळे 'पूर्वीचे लोक' म्हणताना कोणत्या सालचे पूर्वीचे, हे सांगणे आवश्यक ठरते.

तेलबिया | १२ जानेवारी

एक पुरवणी. ट्रान्सची मर्यादा पाळण्यासाठी आता वनस्पती तूप बव्हंशी पामतेलाच्या घट्ट भागापासून बनते. ट्रान्स गेला, संपृक्त मात्र राहिला. बेकरीची खारी आणि नानकटाई खाताना हे ध्यानात असू द्यावे.

चुलीवरची | १३ जानेवारी

मी रावेर तालुक्यातील गृहिणी आहे आणि इतका वेळ शांतपणे वाचत होते. आपण सर्वांनी तेलाचा डबा उघडून पाहिला, पण भाऊंच्या घरी दिवसभरात काय खाल्ले जाते ते कोणीच विचारले नाही. भाऊ, रागावणार नसाल तर विचारते: दूध कोणते आणि किती, शेव किती वेळा, आणि संध्याकाळी दुकानात चहाबरोबर काय असते?

तेलाबद्दल माझा अनुभव असा की डब्यातून बरणीत आणि बरणीतून पळीने कढईत, असा प्रवास असेल तर कोणालाच मोजमाप कळत नाही. मी महिन्याचे तेल पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढून ठेवते आणि बरणीवर तारीख लिहिते. वीस तारखेला तळ दिसला की पुढचे दहा दिवस जपून. शेवभाजीची तर्री तेलानेच येते हा समज निम्मा खरा आहे. कांदा, सुके खोबरे आणि खसखस मंद आचेवर खरपूस भाजली, आणि मिरचीपूड करपू न देता कोमट तेलात टाकली, तर निम्म्या तेलातही रंग वर येतो. हे खोबरेही संपृक्तच, हे डॉक्टरसाहेब सांगण्याआधी मीच सांगते. भरीत मात्र तेल मागते. तेथे मी तडजोड करत नाही, फक्त तळलेल्या बट्ट्यांऐवजी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर वाढते, म्हणजे दुसरे तळण टळते. आणि जवसाची चटणी आमच्या ताटात रोज असते. सोयाबीनमधील ज्या ओमेगा-३ चे वर्णन झाले, ते जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक असते असे मी वाचले आहे.

गिरणाकाठ | १३ जानेवारी

ताई, रागावण्याचा प्रश्नच नाही. दूध घरच्या म्हशीचे. मी स्वतः दिवसाला अर्धा लिटर तरी घेतो, दही सायीचे असते. शेव रोज, निदान एक वाटी, आणि आठवड्यातून दोनदा ढाब्याची शेवभाजी. चहाबरोबर खारी.

नाडीपरीक्षा | १३ जानेवारी

ताईंनी एका प्रश्नात जे काढले ते आम्हाला पाच दिवसांत जमले नाही. हिशेब मांडतो. म्हशीच्या दुधात साधारण साडेसहा टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये ३२ ग्रॅम, आणि त्यातील सुमारे २० ग्रॅम संपृक्त. शेवेत १०० ग्रॅममागे तीसहून अधिक ग्रॅम तेल असते, आणि विकतची शेव बहुधा पामोलिनमध्ये (पामतेलाच्या पातळ भागात) तळलेली असल्याने ५० ग्रॅमच्या वाटीत ७ ग्रॅमच्या आसपास संपृक्त जाते. या उलट ज्या शेंगदाणा तेलावर आपण इतके लिहिले, त्याच्या संपूर्ण ५५ ग्रॅममध्ये संपृक्त आहे जेमतेम १० ग्रॅम. दुधातील आणि दह्यातील मेदाचा एलडीएलवरील परिणाम लोणी-तुपाइतका तीव्र नसतो असे काही प्रयोग सांगतात, त्यामुळे २० चा आकडा जसाच्या तसा धरू नये. तरीही सूर्यफुलाचा डबा आणून या आहारात काही साधणार नव्हते, हे उघड आहे. अण्णांचा तुपाचा सल्ला तर या आहारावर कळसच ठरला असता.

तेलबिया | १४ जानेवारी

ढाब्याच्या आणि फरसाणाच्या कढईविषयी थोडे. तेल पुन्हा पुन्हा तापले की त्याचे विघटन होऊन ध्रुवीय संयुगे वाढत जातात. ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरू नये, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. तेल काळपट होणे, घट्टसर होणे, फेस न बसणे आणि कमी आचेवरच धूर येणे या खुणा डोळ्यांना दिसतात. अशा तेलाचा परिणाम लिपिड प्रोफाइलच्या चार आकड्यांत पूर्ण दिसेलच असे नाही. लिनोलेइक अधिक असलेली तेले उष्णतेने लवकर खराब होतात, म्हणून सूर्यफूल-करडई फोडणीला ठीक, तळणाला शेंगदाणा अधिक टिकाऊ.

वाघूर | १४ जानेवारी

नवीन सभासद आहे. आमच्याकडे सरकीचे तेलच येते, कारण जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या) धंद्यामुळे सवयीचे आहे. ढेप जनावरांना आणि तेल माणसांना. २६ टक्के संपृक्त वाचून धसका घेतला आहे. बंद करावे काय?

नाडीपरीक्षा | १४ जानेवारी

घाबरण्याचे कारण नाही. संपृक्त अधिक असले तरी त्यात लिनोलेइकही निम्मे असते. जॉर्जिया विद्यापीठात निरोगी तरुण पुरुषांना ५ दिवस सरकीचे तेल देऊन केलेल्या एका छोट्या प्रयोगात एलडीएल ऑलिव्हच्या तुलनेत उतरलेच होते. ५ दिवस आणि मोजकी माणसे यांवरून आयुष्याचा निर्णय घेऊ नये, इतकेच. शेंगदाणा किंवा सोयाबीनबरोबर आलटून-पालटून वापरा. भाचीच्या ऑलिव्हविषयीही येथेच सांगतो: स्पेनमधील प्रेडिमेड प्रयोगात ऑलिव्ह तेल भरपूर असलेल्या भूमध्यसागरी आहाराने हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना कमी झाल्या, पण तो संपूर्ण आहाराचा प्रयोग होता. आपल्या फोडणीत ते तेल ओतल्याने तो आहार ताटात येत नाही.

गिरणाकाठ | १६ एप्रिल

तीन महिने झाले, म्हणून धागा वर आणत आहे. घरातील तेल शेंगदाण्याचेच ठेवले आहे, घाणेवाल्या दादांकडचे नसले तरी घाण्याचेच. ताईंच्या बरणीची पद्धत सुरू केल्यापासून डबा सत्तर दिवस पुरला, म्हणजे माणशी ३६ ग्रॅमच्या आत आलो. दुधाची साय काढली आणि अर्ध्या लिटरवरून एका पेल्यावर आलो. शेव रोजची रविवारवर आणली, खारी बंद केली, तिच्या जागी भाजलेले दाळे-शेंगदाणे आले. जेवणानंतर दुकानापर्यंत चालत जातो. वजन तीन किलो उतरले.

नवा अहवाल असा: एकूण कोलेस्टेरॉल २१४, ट्रायग्लिसराइड १६५, एचडीएल ३९, एलडीएल १४२. डॉक्टरांनी सुधारणा मान्य केली, पण वडिलांचा इतिहास आणि काठावरची साखर पाहून कमी मात्रेची स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी सुरू केलीच. लायपोप्रोटीन-ए नावाची (रक्तातील एलडीएलसारख्या आणखी एका कणाची) आणखी एक तपासणी सांगितली आहे. ते प्रमाण आनुवंशिक असते आणि तेल बदलून उतरत नाही, असे त्यांनी समजावले.

नाडीपरीक्षा | १६ एप्रिल

१८ मिलिग्रॅमचा उतार आहाराच्या मानाने चांगला आहे, आणि गोळीचा निर्णयही योग्य वाटतो. वजन कमी झाल्याचा वाटा यात तेलाहून कमी समजू नका.

शंकेखोर | १६ एप्रिल

तेल न बदलता १८. मी काही म्हणत नाही.

चुलीवरची | १७ एप्रिल

भाऊ, अभिनंदन. आता आखाजी (अक्षय्य तृतीया) आली. सांजोऱ्यांचे काय ठरवले आहे?

गिरणाकाठ | १७ एप्रिल

सांजोऱ्या होणारच. तळणापुरते दोन किलो तेल वेगळे काढले आहे; उरेल ते गाळून आठवडाभरात फोडणीत संपवायचे, पुन्हा तळणाला घ्यायचे नाही, असे ठरले आहे. आई सोडून सर्वांना हे मान्य आहे. तिचे वय ७४, खिचडीवर ती अजूनही कच्चे तेल पळीने घेते, आणि माझ्याबरोबर तिचीही तपासणी केली तेव्हा तिचे एलडीएल ९८ निघाले. तो कागद तिने देवघरात ठेवला आहे.